एका संध्याकाळचा खाडा

परतीचा पाऊस एकदाचा सरला, शाळूची पेरणी उरकली आणि गेल्या आठवड्यात दिवेलागणीला दादाच्या बागेत बल्ब लागले. तेव्हापासून माझं चित्त थाऱ्यावर नाही. समोरचा चहा निवून जातो. कामावरून आलो की पायातले बूटही न काढता गच्चीवर जातो, पूर्वेला बघतो, पश्चिमेला बघतो, चडफडतो आणि खाली येतो. "वर काय इसरलंय का?" असं मंगल, म्हणजे माझी बायको, रोज विचारते. उत्तर तिला पाठ आहे. पण ह्या दिवसांत मला डिवचल्याशिवाय तिला करमत नाही.

हे दिवस म्हणजे खरं तर माझी सुगी. आटपाडीच्या आमच्या ह्या कोरड्या पट्ट्यात पाऊस मुळात येतो तोच उशिरा, आणि आला तरी परगावच्या पाहुण्यासारखा घाईत असतो. जाताना मात्र हवेतली सगळी धूळ धुऊन नेतो. मग दिवाळी येते, पहाटे अंगावर काहीतरी ओढून घ्यावंसं वाटतं, काळ्या रानात शाळू बोटभर वर येतो, आणि सूर्य बुडाला की आकाश लख्ख उघडतं. उघडायचं, असं म्हणायला पाहिजे. हा भूतकाळ अजून माझ्या जिभेवर बसलेला नाही.

लहानपणी आमच्याकडे फारसं काहीच नव्हतं. हे तक्रार म्हणून सांगत नाही. पाणी टँकरनं यायचं, वीज आली तर आली, सावली म्हणाल तर बाभळीची. पण अंगणात वाकळ टाकून उताणं पडलं की वर जे काही होतं त्याला तोड नव्हती. आमच्या घराण्यात मेंढरं होती. चुलते दिवाळीनंतर मेंढरं घेऊन लांबलांबच्या मुलखात जायचे, आणि परत आले की अंगणात पडल्यापडल्या आम्हा पोरांना वरची ओळख करून द्यायचे. ओळीतल्या तीन चांदण्या म्हणजे तिकांडं, चौकोन आणि त्याला शेपूट म्हणजे म्हातारीची बाज. मला ही नावं आधी कळली. पुस्तकातला मृग आणि सप्तर्षी नंतर भेटले, आणि ते जरा परके वाटले. दुष्काळानं आमच्या बाबतीत सगळीकडे हात आखडता घेतला, फक्त आकाशाच्या बाबतीत तो सढळ राहिला. तेव्हा हे कुणाच्या ध्यानातही आलं नाही, कारण फुकट मिळालेल्या गोष्टीचं कुणी कौतुक करत नाही.

पोटासाठी मी करतो काय, तर इथल्याच वीज उपकेंद्रात यंत्रचालक आहे. गावागावांकडे वीज नेणाऱ्या तारांना आम्ही फीडर म्हणतो. ते चालू करायचे, बंद करायचे, बिघडले की लाइनमनला पळवायचं, हे माझं काम. दिवसभर तालुक्याला उजेड पुरवायचा आणि घरी येऊन अंधारासाठी देव पाण्यात घालायचे, असा माझा दुटप्पी संसार. पूर्वी भारनियमन होतं तेव्हा लोक फोन करून आमच्या सात पिढ्यांचा उद्धार करायचे, आणि मी "व्हय मामा, आत्ता येतीया बगा" असं म्हणत खिडकीतून देवयानीचा तारकासमूह कुठवर चढलाय ते बघत असायचो. असं सुख आता नाही. आता वीज जात नाही, आणि गेली तर माझीच झाडाझडती होते.

ह्या छंदाची सुरुवात प्लास्टिकच्या पाइपनं झाली. शेतातल्या पाइपलाइनचा एक तुकडा उरला होता. चष्म्याच्या दुकानातून एक मोठं भिंग आणलं, घड्याळजीकडून त्याचं डोळ्याला लावायचं जुनं भिंग मागून घेतलं, आणि पाइपच्या दोन टोकांना दोन्ही चिकटवली. त्यातून चंद्र पाहिला त्या संध्याकाळी मी जेवलो नाही. खड्डे दिसत होते चंद्रावरचे! मी गल्लीतल्या प्रत्येकाला ओढून आणलं. शेजारच्या म्हातारबाबांनी डोळा लावला, बराच वेळ पाहिलं आणि म्हणाले, "आरं, हितं बी दुष्काळच हाय की रं." सगळे हसले. मी नाही हसलो. मला तेव्हाच आणखी मोठी दुर्बीण हवी होती.

दुर्बिणीचं हे असंच आहे. जी हातात असते ती पुरत नाही. एखादा धूसर ठिपका दिसतो, आणि वाटतं की जरा मोठी काच असती तर हा ठिपका फुटून त्यातून तारे सांडले असते. मग आरसा घासायचं वेड लागलं. त्यासाठी दोन जाड गोल काचा लागतात. त्यांच्यामध्ये कुरुंदाची भुकटी आणि पाणी घालायचं, आणि एक काच दुसरीवर पुढेमागे घासत राहायचं. घासता घासता स्वतः फिरतही राहायचं, म्हणजे सगळ्या बाजू सारख्या झिजतात. हळूहळू एक काच खोलगट होते आणि तिचा आरसा होतो. मी परसात वाळूनं भरलेलं पिंप ठेवलं होतं आणि त्याच्याभोवती रोज फिरत होतो. सगळी बायामाणसं बघून जायची. मंगल म्हणायची, "आमी वडाला फेऱ्या मारतो सात जलमासाठी. तुमी पिंपाला कुणासाठी मारताय त्ये तरी कळू द्या."

काच घासून झाली पण तिला चकाकी कशी आणायची, हा प्रश्न दादानं सोडवला. दादा माझा थोरला भाऊ. आमच्या भागातल्या कितीतरी पोरांसारखा तोही मिसरूड फुटायच्या आत गलाईच्या धंद्यात गेला. सोनाराकडची मोड, चुरा घ्यायचा, तो आटवून, ॲसिडात गाळून त्यातून शुद्ध सोनं-चांदी काढायची, हा तो धंदा. दादा पार खाली तमिळ मुलखात होता. वर्षातून एकदा गावच्या जत्रेला यायचा. त्या वर्षी आला, माझी काच हातात घेतली, तळव्यानं कुरवाळली आणि म्हणाला, "हिला चांदी मी चढवतो. पर तू मधी बोलायचं न्हाई."

परसात त्यानं मांडामांड केली. चांदीचा एक तुकडा ॲसिडात विरघळवला, त्यात पुस्तकात मी वाचून ठेवलेल्या आणखी दोन वस्तू घातल्या, साखरेचं पाणी वेगळं करून ठेवलं. नाकाला पदर लावून आई लांब उभी होती. सगळं काचेवर ओतलं तेव्हा ते पाणी आधी गढूळ झालं, मग चक्क काळं झालं. मी तोंड उघडलं. दादानं नुसतं बघितलं, मी मिटलं. आणि त्या काळ्या पाण्याखालून, दूध तापताना साय धरावी तशी, चांदी धरू लागली. दादानं काच धुऊन उभी केली. तिच्यात आम्हा दोघांची तोंडं उलटी दिसत होती. "आलं बग रूप," तो म्हणाला. इतका खूश झालेला दादा मी त्याच्या लग्नातसुद्धा पाहिला नव्हता.

चांदीचा आरसा वर्षभरात काळवंडतो. म्हणून दर जत्रेला दादा आला की पहिलं काम ते. मी फोनवर म्हणायचो, "आरसा लय काळा पडलाय दादा, कवा येतूस?" तिकडून तो म्हणायचा, "आलो रं, धीर धर जरा." बाकी आम्ही भाऊ काय बोलणार? तो घर सोडून गेला तेव्हा मी चड्डी सावरत शाळेत जात होतो. आमच्यात बोलण्यासारखं जे काही होतं ते त्या काचेवरच होतं. पुढे मी मोठा तयार आरसा मागवला, ज्यावरचा ॲल्युमिनियमचा मुलामा वर्षानुवर्षं टिकतो. दादाला सांगितलं तर तो म्हणाला, "ब्येस झालं. सुटलास." मला तेव्हा त्यात काही वावगं वाटलं नाही, आणि आता वाटून उपयोग नाही.

त्यानंतर माझं सामान वाढतच गेलं. दुर्बीण ठेवायला सुताराकडून लाकडी बैठक केली. मग ती हातानं ढकलायचा कंटाळा आला, म्हणून ताऱ्याच्या मागोमाग आपोआप फिरणारी मोटारची बैठक आली. मग कॅमेरा आला. मग कॅमेऱ्याला लॅपटॉप. गावाबाहेर आमचा मुरमाड माळ होता, तिथं मी पत्र्याची खोली बांधली. तिचं छप्पर रुळावरून मागे सरकतं. ते करून देणारा फॅब्रिकेशनवाला चक्रावून गेला होता. "लोकं छप्पर गळू नये म्हणून धडपडत्यात, आन तुमाला उघडंच पायजे," तो म्हणाला, पण बंगल्याच्या सरकत्या गेटाची चाकं लावून त्यानं काम फक्कड केलं. छप्पर सरकलं की घरघर आवाज व्हायचा आणि वर काळंभोर आकाश. तिथं उभं राहिलं की माझ्यातली सगळी चुळबुळ थांबायची. जगात ती एकच जागा होती.

पण गंमत बघा. दुर्बीण वाढत गेली तसं आकाश कमी होत गेलं. आधी पश्चिमेच्या डोंगरावर पवनचक्क्या आल्या आणि त्यांच्या माथ्यावर लाल दिवे उघडझाप करू लागले. मग कालव्याचं पाणी आलं. ज्या पाण्याची वाट बघत आमच्या दोन पिढ्या संपल्या ते खरोखर आलं. डाळिंबं आली, ऊस आला, बंगले आले, बंगल्यांच्या फाटकांवर गोल दिवे आले. मला ह्यातलं काहीही नको म्हणायचा हक्क नाही. मीही तेच पाणी पितो. आकाशगंगा पूर्वी माळावर डोक्यावरून आडवी जायची, ती आधी फिकी झाली, आणि मग एका हिवाळ्यात मला तिची आठवण काढून ती शोधावी लागली. प्लास्टिकच्या पाइपातून जे दिसत होतं ते आता मोठ्या आरशातूनही दिसेना.

आणि मग दादा कायमचा परत आला. ॲसिडच्या वाफा इतकी वर्षं छातीत गेल्या, त्यांनी शेवटी हिशेब मागितला. डॉक्टरांनी सांगितलं, भट्टीपुढे पुन्हा उभं राहायचं नाही. दादा घरी बसून खोकत राहिला. जो माणूस उभ्या आयुष्यात रिकामा बसला नाही तो पडवीत बसून येणाऱ्याजाणाऱ्याला नुसतं विचारायचा, "कुटं निघालाय?" मला ते बघवत नव्हतं. एक दिवस तो कुठूनतरी ड्रॅगनफ्रूटची बाग बघून आला. सिमेंटचे खांब, त्यावर चढणारं निवडुंगासारखं झाड, मुरमाड रानातही येणारं. "माळावर लावतो," म्हणाला. त्याच्या डोळ्यांत ती जुनी, चांदी धरतानाची चमक होती. मी म्हटलं, "लाव की." माळ आमच्या दोघांचा. माझी खोली त्याच्याच कडेला.

हे झाड पावसाळ्यात फळ देतं. पण हिवाळ्यात अंधार पडल्यावर त्याच्यावर बल्ब लावून ठेवले, तर दिवस मोठा झालाय असं समजून ते अवेळी कळी धरतं, आणि अवेळच्या फळाला गिऱ्हाईक चांगलं. हे दादानं मला सांगितलं तेव्हा आम्ही बांधावर उभे होतो. मी विचारलं, "किती बल्ब?" तो म्हणाला, "लय." दोन हिवाळ्यांपूर्वी, ह्याच दिवसांत, पहिल्यांदा ते लागले. वहिनींनी स्विचबोर्डाला हळदकुंकू वाहिलं, नारळ फुटला, आणि दादानं खटका दाबला. ओळीच्या ओळी एकदम पिवळ्या झाल्या. अर्धं गाव बघायला आलं होतं. पोरं खांबांमधून धावत होती. दादा माझ्या खांद्यावर हात टाकून म्हणाला, "बग, तुज्या आभाळापरास माज्याकडं चांदण्या जास्त झाल्या." सगळे हसले. मीही हसलो, आणि घरी येऊन मंगलवर उगाच खेकसलो.

त्याच हिवाळ्यात धूमकेतू आला. नुसत्या डोळ्यांना दिसेल न दिसेल असा, भपका नसलेला. सूर्य बुडाल्यावर पश्चिमेला थोडा वेळ, आणि रोज जरा जरा खाली, सूर्याकडे सरकत चाललेला. थोड्याच दिवसांत तो संधिप्रकाशात बुडणार होता, आणि पुढे आमच्या बाजूनं दिसणारच नव्हता. ज्यांना ह्यातलं काही वाटत नाही त्यांना हे सांगून पटणार नाही. पण मी एवढा पसारा मांडला होता तो कशासाठी? तयार चित्रं तर फोनवर वाटेल तेवढी मिळतात. मला तो माझ्या माळावरून, माझ्या डोळ्यानं बघायचा होता. आणि नेमकी बाग माझ्या खोलीच्या पश्चिमेला.

मग मी वेड्यासारखा अंधार शोधत हिंडलो. लहान दुर्बीण मोटरसायकलच्या मागच्या सीटवर गादीत गुंडाळून बांधायची आणि सुटायचं. औंधला गेलो. यमाईच्या डोंगरावरून पश्चिम छान मोकळी दिसेल असं वाटलं होतं. पायऱ्या चढून वर गेलो तर खाली चहूकडे दिव्यांचा सडा, आणि देवळाच्या शिखरावरही झोत. एका बाईनं मला नारळ फोडायची जागा विचारली, मी तिलाच पश्चिम मोकळी कुठून दिसते असं विचारत राहिलो. दुसऱ्या दिवशी माण तालुक्यात दहिवडीच्या पलीकडे गेलो. तिथं माळावर एका मेंढपाळ कुटुंबाचा तळ पडला होता. तव्यावर भाकरी टाकता टाकता त्या घरातल्या मावशींनी विचारलं, "आवं, काय हरवलंय?" मी म्हटलं, "अंधार बघतोय जरा." त्या हसल्या. म्हणाल्या, "आमाला नगं नगं झालाय की त्यो. न्या गाडीवर घालून." भाकरी दिली, ती खाल्ली. तेवढ्यात ढग आले. परत येताना वाऱ्यानं डोळ्यांतून पाणी येत होतं, आणि ते नुसत्या वाऱ्यानंच येत होतं असं मी स्वतःला सांगत होतो.

एका संध्याकाळी तर माझी ड्यूटी होती. उपकेंद्राच्या खिडकीतून पश्चिम दिसते. दिवस मावळला होता, आकाश स्वच्छ होतं, आणि माझ्यासमोर पॅनलवर आमच्या माळाकडे जाणाऱ्या फीडरचा खटका होता. माझ्याच हाताखाली. एक हिसका दिला की झालं. "तार तुटली होती" म्हटलं की कुणी विचारणारही नव्हतं. मी उठलो, पाणी प्यालो, बसलो, पुन्हा उठलो. त्या फीडरवर गिरणी होती, दवाखाना होता, अभ्यासाला बसलेली पोरं होती. शेवटी मी खुर्ची उलटी करून भिंतीकडे तोंड करून बसलो. लाइनमन आत आला आणि म्हणाला, "बायकोशी भांडलाय का काय?" मी म्हटलं, "न्हाई गड्या, आभाळाशी."

घरी आल्यावर मंगल म्हणाली, "भावोजींना सांगा की सरळ. खात्यात का काय त्ये?" गेलो. दादा बागेत वायरी तपासत होता. मी आडवळणानं विचारलं, "एक दिवस बल्ब न्हाई लावलं तर काय हुतंय?"

"खाडा पडतोय," तो म्हणाला. "मला लावणी शिकवणाऱ्यानं बजावून सांगितलंय, की कळी धरूस्तवर एक बी खाडा नगं. झाड रुसतंय."

"एकच संध्याकाळ म्हणतोय मी."

"तुजी ती चांदणी उद्या न्हाई व्हय येनार?"

"चांदणी न्हवं ती. धूमकेतू," मी म्हणालो. लोकांची चूक सुधारल्याशिवाय मला राहवत नाही, हा माझा जुना रोग. "आन उद्या येईल, परवा येईल. मग संपलं."

"मग कवा?"

"न्हाईच. परत न्हाईच येणार."

दादा पक्कड हातात घेऊन उभा राहिला. त्याला खोकल्याची उबळ आली, ती जायची वाट बघून मी घरी निघून आलो. वाटेत मला दोन्ही बाजूंनी लाज वाटत होती. मागितलं ह्याची वाटत होती, आणि नीट मागितलं नाही ह्याचीही. त्याच्या आयुष्यात उरलेली एकुलती एक गोष्ट ती बाग होती. माझ्या आयुष्यात उरलेली गोष्ट म्हणजे तो माळ. दोन्ही एकाच जागेवर होत्या आणि त्याला कुणाचाच इलाज नव्हता.

त्या हिवाळ्यात बागेत कळी फार थोडी लागली. थंडी जास्त पडली म्हणून, असं दादा आजही सगळ्यांना सांगतो. कुणी खोदून विचारलं की तो माझ्याकडे न बघता पुन्हा तेच सांगतो. मी गप्प बसतो, आणि ह्या दिवसांत माझा पाय घरात ठरत नाही त्याचं कारण खरं म्हणजे आकाश नसून तो त्याचा न बघणारा चेहरा आहे.

धूमकेतूच्या शेवटच्या संध्याकाळी मी खोलीवर गेलो तो केवळ सवयीनं. छप्पर सरकवलं. बैठकीची मोटार चालू केली. पश्चिमेला तांबूस पट्टा विझत आला होता. बल्ब वेळेवर लागले आणि खोलीच्या भिंतीवर माझी सावली पडली. दुर्बीण मी डोंगराच्या अंगाला वळवून ठेवली होती, पण तिला डोळा लावायची इच्छा होईना. लावून दिसणार काय, तर पिवळा धुरकट उजेड. मी बादली उपडी घालून तिच्यावर बसलो आणि नखं कुरतडत राहिलो.

आणि बल्ब गेले.

माझा हात आपसूक खिशात, फोनकडे. फीडर ट्रिप होऊन बंद पडला असणार, उपकेंद्रात कळवायला पाहिजे. पण गावातले दिवे तसेच होते. दादाच्या घरातला, वहिनींच्या स्वयंपाकघरातला दिवाही चालू होता. काळोख फक्त बागेत होता. त्या काळोखातून खोकत कुणीतरी येत होतं. बॅटरीसुद्धा न लावता, खांब चाचपत.

"चल, दाव," दादा दारात येऊन म्हणाला.

मी धडपडून उठलो. पण उजेडात बसलेल्या डोळ्यांना अंधार लगेच वश होत नाही. काही वेळ मला काहीच दिसेना. दुर्बीण इकडे हलवली, तिकडे हलवली. मोटारची बटणं चुकत होती. बाग अंधारली तरी पलीकडे आणखी तिघाचौघांच्या बागा पेटलेल्याच होत्या, त्यांचा उजेड डोंगराच्या कडेवर लागून राहिला होता. ज्या ठिकाणी धूमकेतू असायला हवा होता तिथं मी पोचलो तेव्हा भिंगात डोंगराचा काळा कंगोरा होता, आणि पवनचक्कीचं एक पातं सावकाश वर येऊन खाली जात होतं. तो त्या डोंगराआड उतरला होता. जरा वेळ आधी. मी बादलीवर बसून नखं कुरतडत होतो तेव्हा.

"दिसला का?" दादानं मागून विचारलं.

मी डोळा भिंगावरून काढला नाही. काढला असता तर त्याला माझं तोंड दिसलं असतं. माझ्या मागे त्याच्या छातीतली घरघर मला ऐकू येत होती. मग त्यानं माझ्या दंडाला धरून मला हळूच बाजूला केलं आणि वाकला. श्वास रोखून धरला, खोकला येऊ नये म्हणून. बराच वेळ धरला.

"हाय की," तो म्हणाला. "हाय की रं. शेपूट बी दिसतंय."

चुका सुधारणारी माझी जीभ टाळ्याला चिकटून बसली होती. दादा सरळ झाला, बादलीवर टेकला, आणि मग त्याला उबळ आली, आवरून धरलेली सगळी. ती थांबेपर्यंत मी त्याच्या पाठीवर हात फिरवत राहिलो. त्याच्या पाठीला हात लावायची वेळ माझ्यावर ह्यापूर्वी कधी आली नव्हती. हाडं हाताला लागत होती.

"दादा," मी म्हणालो, "बल्ब लाव जा आता. उगं खाडा पडंल."

तो उठला नाही. डोंगराच्या बाजूला, जिथं काही नव्हतं तिकडे, बघत राहिला.

"ऱ्हाऊ दे जरा," तो म्हणाला. "एवढ्या लांबनं आलाय त्यो."